चीन पुढे गेला तो दट्ट्यामुळे, की दट्ट्या सैल पडला म्हणून?

पारावरचा
शनिवार, रात्री ९:४०

आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या कंपूत परवा बुलेट ट्रेनवरून गाडी चीनवर गेली. निवृत्त बँकवाले एक काका आहेत, ते ठरलेलं वाक्य बोलले, "आपल्याला पंधरा वर्षं एक दट्ट्यावाला पाहिजे. चीन बघा." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. घरी येऊन चहा घेताना मनात आलं, आपण नक्की कशाला मान डोलावून आलो?

कारण हिशेब लागत नाही. दट्ट्या सगळ्यात जड होता तो १९५८ ते १९७६. या काळातली कमाई काय? माओची 'मोठी झेप', म्हणजे शेती आणि पोलाद एका दमात वाढवायची मोहीम, आणि तिच्यापाठोपाठ आलेला दुष्काळ. त्यात मेलेल्यांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. मग सांस्कृतिक क्रांती. प्राध्यापकांच्या डोक्यावर कागदी टोप्या घालून धिंडी, आणि विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा तब्बल दहा वर्षं बंद. पैसा दिसायला लागला तो १९७८ नंतर, माओच्या पश्चात डेंग शियाओपिंगने सूत्रं घेतल्यावर. तरीसुद्धा १९९० च्या सुमारास त्यांचं आणि आपलं दरडोई उत्पन्न साधारण सारखंच होतं. आज त्यांचं आपल्या पाचपट आहे.

शियाओगांगची गोष्ट काहींना माहीत असेल, तरी लिहितो, माझा सगळा मुद्दा तीतच आहे. आनह्वेई प्रांतातलं वीस घरांचं खेडं. दुष्काळात इथली कुटुंबंच्या कुटुंबं संपलेली. १९७८ च्या हिवाळ्यात १८ शेतकरी रात्री एका मातीच्या घरात जमले आणि सामूहिक जमीन गुपचूप घरटी वाटून घ्यायचं ठरवलं. उघडकीला आलं तर तुरुंग नक्की. म्हणून कागदावर लिहून ठेवलं की पुढाकार घेणारे आत गेले किंवा त्यांची मुंडकी उडाली, तर बाकीच्यांनी त्यांची पोरं १८ वर्षांची होईस्तोवर सांभाळायची. खाली कुणी अंगठा उठवला, कुणी शिक्का मारला. पुढच्या हंगामात इतकं पिकलं की शेजारच्या गावांना संशय आला. प्रांताचे पक्षप्रमुख वान ली यांनी कारवाई केली नाही, उलट पाठीशी घातलं. त्यांच्यावर लोकांनी म्हणच रचली, तांदूळ हवा तर वान लीला गाठा. पाच-सहा वर्षांत देशभरातली कम्यून, म्हणजे सामूहिक शेतीची व्यवस्था, मोडीत निघाली.

म्हणजे नारळ फोडला तो मरणाला कंटाळलेल्या १८ माणसांनी. सरकारचं श्रेय एवढंच, की ते आडवं आलं नाही. तुम्हाला काय वाटतं? चीनला वर काढलं ते दट्ट्याने, की तो सैल पडला म्हणून?

निवांत_नाना
शनिवार, रात्री ९:५२

पयला!
शीर्षक वाचून वाटलं मंचुरियन कोरडं का होतं यावर धागा आहे. आता आलोच आहे तर बसतो.

खवचट_खारूताई
शनिवार, रात्री ९:५५

नाना, सरकून घ्या. मी खारे शेंगदाणे आणलेत. हा धागा शंभरी गाठणार.

घाटमाथा
शनिवार, रात्री १०:२०

पारावरचा, लेखन छान, निष्कर्ष गंडलेला. १८ शेतकऱ्यांनी भात पिकवला हे कबूल. पण भात पिकवून कुणी जगाचा कारखाना होत नाही. बंदरं, वीज, रस्ते, रेल्वे कुणी उभं केलं? त्यांची पहिली ताशी ३५० किमीची लाइन २००८ साली बीजिंग ते त्यानजिन सुरू झाली. आज जाळं ४५,००० किमीच्या वर आहे. आपल्याकडे एका लाइनसाठी पालघरच्या जमिनींवरून किती वर्षं गेली ते आठवा. तिकडे वरून हुकूम सुटतो आणि काम सुरू होतं. तुमचे काका बरोबर बोलले.

पारावरचा
शनिवार, रात्री १०:३१

घाटमाथा, हुकूम माओच्या काळातही सुटत होते की. चिमण्या मारा असा हुकूम सुटला, देशाने चिमण्या मारल्या. मग टोळांनी आणि किडींनी शेतं खाल्ली. घरामागे भट्ट्या लावून पोलाद करा म्हणून हुकूम सुटला, लोकांनी घरातल्या कढया वितळवल्या. हुकूम सुटणं आणि शहाणा हुकूम सुटणं यात फरक आहे ना?

वऱ्हाडी_ठेचा
शनिवार, रात्री १०:४४

चिमण्या मारल्या म्हंजे काऊन बे? पूर्ण सांगा ना कोनी.

इतिहासवेडी
शनिवार, रात्री ११:१५

ठेचाभाऊ, १९५८ ची 'चार उपद्रव' मोहीम. उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या. चिमण्या दाणे खातात म्हणून लोक ताटं-डबे बडवत त्यांना बसूच द्यायचे नाहीत, उडून उडून त्या मरून पडायच्या. दोन वर्षांत चूक कळली आणि यादीत चिमण्यांच्या जागी ढेकूण आले. दुष्काळाचं मुख्य कारण मात्र चिमण्या नव्हेत. गावोगावचे अधिकारी वरच्यांना खूश करायला पिकाचे फुगवलेले आकडे कळवत होते आणि त्या आकड्यांवर धान्याची वसुली होत होती. कोठारात होतं तेही गेलं. १९५९ च्या लुशान बैठकीत संरक्षणमंत्री पंग दहुआय यांनी माओंना पत्र लिहून हे सांगायचा प्रयत्न केला, तर पदच गेलं. त्यानंतर खरं सांगायला कोण धजावणार?

आता मूळ प्रश्न. धागाकर्त्यांचं निम्मं मला पटतं, निम्मं नाही. १९७८ ला चीन शून्यावर उभा नव्हता. १९८२ च्या जनगणनेत प्रौढांपैकी शंभरात पासष्ट साक्षर होते. आपल्याकडे तेव्हा चाळीस-एक. सरासरी आयुर्मान तिकडे पासष्टच्या घरात, आपल्याकडे चोपन्नच्या आसपास. अनवाणी डॉक्टर म्हणजे काही महिने शिकवलेली शेतकऱ्यांची पोरं, त्यांनी खेड्यात लसीकरण आणि बाळंतपणं सांभाळली. १९८५ ला शेन्झेनच्या कारखान्यात जी मुलगी खेड्यातून आली तिला वाचता येत होतं आणि तिची तब्येत धड होती. हे डेंगने एका रात्रीत केलेलं नाही. त्या माओने कोट्यवधी मारले आणि त्याच माओच्या राज्यात पोरी शाळेत गेल्या, दोन्ही खरं. मला ते एका वाक्यात बसवता येत नाही, आणि बसवायची घाईही नाही.

१९८१ साली खुद्द पक्षाला ते बसवावं लागलं. डेंगच्या देखरेखीखाली ठराव झाला की माओंचं कार्य आधी, चुका नंतर. लोक त्याला सत्तर-तीसचा हिशेब म्हणतात. मयताच्या इस्टेटीची वाटणी करावी तसा.

निवांत_नाना
शनिवार, रात्री ११:२२

सत्तर-तीस म्हणजे आमच्या बायकोचा माझ्याबद्दलचा हिशेब, फक्त उलटा.

सोलापुरी_चादर
रविवार, सकाळी ७:०५

अवांतर, पण राहवत नाही. चीनचा विषय आणि कोटणीसांचं नाव नाही? द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे. १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टर धाडले त्यातले एक. तिकडेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. इतकी युद्धं-भांडणं झाली, १९६२ झालं, तरी चिनी पाहुणे आले की त्यांच्या घरच्यांना भेटून जायचे.

वऱ्हाडी_ठेचा
रविवार, सकाळी ७:४०

चादरभाऊ, त्या पाचात आमच्या नागपूरचे डॉ. चोळकर बी होते. त्याइचं नाव कोनीच घेत नाही.

इतिहासवेडी
रविवार, सकाळी ८:१०

अवांतर निघालंच आहे तर मुंबईचं दुसरं नातंही सांगते, जरा कमी गोड. माळव्याची अफू मुंबईहून (आणि इंग्रजांचा कर चुकवायचा असेल तर पोर्तुगिजांच्या दमणहून) कँटनला जायची. जमशेटजी जीजीभाई यांची मोठी कमाई त्या व्यापारातली, आणि जे.जे. हॉस्पिटलला देणगी त्यांचीच. त्या व्यापारावरून झालेल्या युद्धानंतर १८४२ चा नानजिंगचा तह झाला. हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडावी लागली. चिनी शाळेत आधुनिक इतिहासाचा पहिला धडा इथून सुरू होतो, आणि १९४९ पर्यंतच्या काळाला 'अपमानाचं शतक' म्हणतात. आजचा पक्ष मतं मागत नाही, मग राज्य कशाच्या जोरावर करतो? एक, पोटाला मिळतंय. दुसरं, पुन्हा कुणी आपला अपमान करणार नाही. पहिलं डळमळलं की दुसऱ्याचा आवाज वाढतो.

अर्थातच
रविवार, सकाळी ११:३०

घाटमाथा म्हणतात वरून हुकूम सुटतो. प्रत्यक्षात चीनमध्ये सरकारी खर्चाचा बहुतांश भाग प्रांत, जिल्हे आणि तालुके करतात. बीजिंग काय करतं, तर बढत्या देतं. तुमच्या हद्दीत वाढीचा आकडा चांगला, तर तुम्ही वर. त्यामुळे प्रत्येक तालुक्याचा पक्षसचिव हा एखाद्या कंपनीच्या सेल्समनसारखा पळत होता. जमीन देतो, वीज देतो, कर माफ करतो, पण कारखाना माझ्याकडे टाका. दट्ट्या होता, पण त्याच्या टोकाला गाजर बांधलेलं होतं.

प्रयोगसुद्धा आधी कोपऱ्यात व्हायचा. १९८० ची चार विशेष क्षेत्रं, म्हणजे शेन्झेन, झुहाय, शांतोउ आणि शियामेन, बीजिंगपासून लांब मुद्दाम निवडलेली. जमलं तर देशभर, फसलं तर चार कोपरे गेले. तेव्हा हाँगकाँगला लागून असलेल्या ग्वांगडोंग प्रांताचा कारभार कोणाकडे होता? शी चोंगशुन यांच्याकडे. आजच्या शी जिनपिंग यांचे वडील. लोक जीव धोक्यात घालून पोहत हाँगकाँगला पळत होते. हा माणूस सीमेवर गेला, बघितलं, आणि बीजिंगला सांगितलं की बंदोबस्त वाढवून हे थांबायचं नाही, इथेच कमाई होऊ द्या. याच माणसाला माओच्या काळात १९६२ पासून पदच्युत करून छळलेलं होतं, आणि त्याच्या मुलाला पंधराव्या वर्षी शान्शीतल्या खेड्यात धाडलेलं. मुलगा सात वर्षं तिथे राहिला, बराच काळ गुहेतल्या घरात.

खवचट_खारूताई
रविवार, सकाळी ११:४१

बापाने दार उघडलं, पोराने कडी लावली. मराठी मालिकेचं कथानक तयार आहे, फक्त एक कारस्थानी सासू हवी.

खुर्दा_घाऊक
रविवार, दुपारी १:१५

मी पुस्तकी माणूस नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या मागे सणासुदीच्या सामानाचं दुकान आहे. दिव्यांच्या माळा, मखराचं सामान, प्लास्टिकची फुलं. २००६ पासून दरवर्षी चीनमधल्या ईवू शहरात माल घ्यायला जातो, मधली कोविडची वर्षं सोडून. गणपतीचा माल बघायला होळीच्या आसपास निघावं लागतं.

ईवूचा बाजार ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून खरं वाटत नाही. पाऊण लाखाच्या आसपास गाळे, एकाला लागून एक. एका मजल्यावर तासभर चाललो तरी फक्त केसांचे चाप. गाळा आपल्या पानपट्टीएवढा असतो. आत बाई बसलेली, मांडीवर पोर, हातात कॅल्क्युलेटर. भाषा एकच, कॅल्क्युलेटरची. ती आकडा दाबून यंत्र आपल्याकडे फिरवते, आपण दुसरा आकडा दाबून परत फिरवतो. दोघं हसेपर्यंत हे चालतं.

हा बाजार कसा झाला ते आमच्या तिथल्या एजंट बाईने सांगितलं. जमीन नापीक. म्हणून हिवाळ्यात पुरुष खांद्यावर कावड घेऊन, हातातलं डुगडुगं वाजवत गावोगाव हिंडायचे. गूळ द्यायचे आणि बदल्यात कोंबड्यांची पिसं घ्यायचे. चांगली पिसं झाडणीला, बाकीची शेतात खत म्हणून. म्हणजे आपली बोहारीण! जुने कपडे घेऊन भांडी देते ना, तीच. माओच्या काळात यांना भांडवलशाहीचं शेपूट म्हणून पकडायचे. १९८२ मध्ये श्ये गाओहुआ नावाचा पक्षसचिव आला. एका फेरीवालीने त्याला ऑफिसबाहेर रस्त्यात अडवून भांडण काढलं, की आम्ही पोट कसं भरायचं? त्याने रस्त्यावरचा बाजार उघडा ठेवायची परवानगी दिली. वरून लेखी हुकूम आलेला नव्हता. ईवूत त्या माणसाचं नाव अजून मानाने घेतात.

तर पारावरचा, माझं मत तुमच्या बाजूला. पण अर्थातच म्हणतात तेही खरं, परवानगी देणारा पक्षाचाच माणूस होता.

कोकणी_फणस
रविवार, दुपारी १:३०

बोहारणीचं वाचून मजा आली. आमच्या आजीने दोन जरीच्या साड्या देऊन एक स्टीलचा डबा घेतला होता, आजोबा मरेपर्यंत टोमणे मारत होते. आपल्या बोहारणींना कुणी श्ये गाओहुआ भेटला नाही खरा.

चाकण_चौक
रविवार, दुपारी ३:४५

एक दुसरी बाजू. २०११ मध्ये कंपनीच्या कामाने चार महिने शेनयांगला होतो. ईशान्येकडचं जुनं कारखान्यांचं शहर. तिथे त्येशी नावाचा भाग आहे, एकेकाळी सरकारी कारखान्यांनी गच्च भरलेला. मी गेलो तेव्हा तिथे उंच इमारती आणि मॉल. आमचा रोजचा टॅक्सीवाला पन्नाशीचा. सोबतच्या चिनी सहकाऱ्याने त्याच्याशी बोलून मला सांगितलं, हा लेथवर काम करायचा, १९९८ ला घरी बसवला. त्यांच्याकडे त्याला 'श्यागांग' म्हणतात, 'पाळीवरून उतरवलेला'. नोकरी गेली असं म्हणायचं नाही. झू रोंगजी पंतप्रधान असताना सरकारी कारखान्यांतून काही कोटी माणसं अशी उतरवली गेली. कारखान्याबरोबर दवाखाना गेला, पोरांची शाळा गेली, सगळं त्या एका फाटकाच्या आत होतं.

मी परळचा. आजोबा गिरणीत साचेवाले होते, १९८२ च्या संपानंतर त्यांनी भाजी विकली. टॅक्सीवाल्याने गाडी हळू करून एका मॉलकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, माझं मशीन इथे होतं, त्या सरकत्या जिन्याच्या जागी. मला काय वाटलं ते परळकरांना सांगायला नको.

फरक एकच. आमच्या आजोबांनी दीड वर्ष संप केला, मोर्चे काढले, हरले. त्याला संप करायची सोयच नव्हती. संघटना एकच, तीही सरकारी.

घाटमाथा
रविवार, संध्या ५:१०

बघा, तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध करताय. काही कोटी माणसं घरी बसवायची हिंमत लोकशाहीत कुणाची झाली असती? २००१ च्या डिसेंबरात ते जागतिक व्यापार संघटनेत गेले, ते या कडू औषधानंतरच. आणि पारावरचा, १९८९ ला त्यानआनमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन चिरडलं, त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. सैल सोडल्यामुळे प्रगती झाली म्हणता, तर रणगाडे कुणी आणले? तुमच्याच डेंगने. सैल सोडा म्हणणारे सरचिटणीस झाओ झियांग २००५ मध्ये मरेपर्यंत घरात नजरकैदेत. आणि खरी घोडदौड त्यानंतरची, १९९२ ला ८७ वर्षांचा डेंग दक्षिणेत फिरला तिथपासून. राजकारण घट्ट, बाजार मोकळा, हेच सूत्र.

ज्यांना तिथल्या स्वातंत्र्याचा इतका पुळका आहे त्यांनी एकदा लोकलने प्रवास करून मग लिहावं.

पारावरचा
रविवार, संध्या ५:२५

शेवटची ओळ नसती तरी चाललं असतं. पंचवीस वर्षं डोंबिवलीहून लोकलनेच गेलो आहे. १९८९ चा मुद्दा मात्र बिनतोड. विचार करून लिहितो.

चावडी_प्रशासक
रविवार, संध्या ५:४०

व्यक्तिगत रोख टाळावा ही विनंती. चर्चा चांगली चालू आहे.

निवांत_नाना
रविवार, संध्या ५:४२

रणगाडे आले!

आडगावचा_शेतकरी
रविवार, रात्री ८:५०

सगळं वाचलं. मला एकच विचारायचंय. त्या १८ जणांनी जमीन वाटून घेतली, ती त्यांच्या नावावर झाली का?

अर्थातच
रविवार, रात्री ९:३५

आडगावकर, लाखातला प्रश्न. नाही झाली. आजही नाही.

क्रम बघा. १९५० च्या जमीन सुधारणेत जमीनदारांच्या जमिनी काढून शेतकऱ्यांना वाटल्या, मालकीचे कागदही दिले. त्यात लाखो जमीनदार जिवानिशी गेले. पाच-सहा वर्षांतच सगळी जमीन सामूहिक झाली आणि ते कागद रद्दी झाले. १९७८ नंतर परत मिळाली ती फक्त कसायला. खेड्यातली जमीन सामूहिक मालकीची आणि शहरातली सरकारची, हे १९८२ च्या घटनेतच लिहून ठेवलंय. शेतकऱ्याने सरकारचं द्यायचं, गावाचं ठेवायचं, उरेल ते आपलं.

आता यात खरी गोम. शहर वाढलं की स्थानिक सरकार शेतजमीन पिकाच्या हिशेबाने मोबदला देऊन ताब्यात घेतं आणि बिल्डरला बाजारभावाने भाडेपट्ट्यावर देतं. मधला फरक सरकारच्या खिशात. १९९४ मध्ये झू रोंगजींनीच करांची वाटणी बदलली. एकूण महसुलात स्थानिक सरकारांचा वाटा १९९३ ला ७८ टक्के होता, तो एका वर्षात ४४ वर आला. खर्चाची जबाबदारी मात्र त्यांच्याच गळ्यात. मग त्यांनी जमीन विकायला घेतली. घाटमाथांना आवडलेले रस्ते आणि पूल बरेचसे या पैशातून आणि ही जमीन तारण ठेवून काढलेल्या कर्जातून आले. २०२१ मध्ये जमीनविक्रीचं उत्पन्न ८.७ लाख कोटी युआनवर गेलं. त्यानंतर घसरगुंडी. एव्हरग्रांड ही बिल्डर कंपनी ३०० अब्ज डॉलरच्या वर देणं करून बसली आणि जानेवारी २०२४ मध्ये हाँगकाँगच्या कोर्टाने ती मोडीत काढायचा हुकूम दिला. लोकांनी पैसे भरलेली घरं अर्धवट उभी.

दुसरा धागा हुकोउचा. १९५८ पासून प्रत्येक माणसावर ग्रामीण किंवा शहरी असा शिक्का. काम करायला शहरात या, पण शाळा, दवाखाना, पेन्शन गावाला. आज जवळपास ३० कोटी कामगार असे आहेत. दट्ट्या सैल पडला म्हणता, तर तो कुणावर सैल पडला आणि कुणावर तसाच राहिला, हेही बघायला हवं. स्वस्त जमीन आणि स्वस्त मजूर, दोन्ही माओच्या काळातल्या कायद्यांतून मिळाले आणि डेंगच्या काळात त्यांचे पैसे झाले.

खवचट_खारूताई
रविवार, रात्री ९:५०

अर्थातच, टाळ्या. वाचनखूण साठवली.
अवांतर: जागा न सोडणाऱ्या घराला तिकडे 'खिळा-घर' म्हणतात. २००७ मध्ये चोंगचिंगला एक कुटुंब हललंच नाही. बिल्डरने चारही बाजूंनी दहा मीटर खड्डा खणला, मधोमध मातीच्या ढिगावर ते दुमजली घर, आणि घरमालक गच्चीवर झेंडा लावून बसलेला. शेवटी बिल्डरला तडजोड करावी लागली. पालघरवाल्यांनी फोटो बघावा.

मृद्गंध
सोमवार, सकाळी ६:३० (सिंगापूर)

आमच्या ऑफिसमधली चिनी मैत्रीण १९८८ ची. ती एकटी, नवरा एकटा. आई-वडील चार, त्यांना बघणारे हे दोघं, आणि एक मुलगी. तिला आत्या, मामा, काका यांसाठीचे शब्द मुलीला शिकवायचे असतात, पण दाखवायला माणूस नाही. चिनीत नात्यांचे शब्द आपल्यासारखेच ढीगभर आहेत म्हणे. ते पुस्तकातच राहणार. १९८० ला सुरू झालेलं एक मुलाचं धोरण २०१६ ला संपलं, २०२१ पासून तीनची मुभा आहे. तरी २०२२ पासून लोकसंख्या घटतेच आहे. ती म्हणते, तेव्हा दुसरं झालं तर दंड घ्यायचे, आता दुसऱ्यासाठी पैसे देऊ करतात, आणि दोन्ही वेळा विचारायला तीच मोहल्ला समिती येते.

घाटमाथा
सोमवार, सकाळी ९:१५

पारावरचा, कालच्या शेवटच्या ओळीबद्दल दिलगीर. जमिनीचा हिशेब मला या तपशिलात माहीत नव्हता. तरी एक राहतंच. जागतिक बँकेच्या हिशेबाने चाळीस वर्षांत जवळपास ८० कोटी माणसं अतिगरिबीतून वर आली. याला तोड नाही. पद्धत कितीही वाकडी असो.

पारावरचा
सोमवार, रात्री १०:०५

घाटमाथा, लोभ असावा. ८० कोटींना माझाही नमस्कार.

दोन दिवस विचार केला. माझं शीर्षकच भोळं होतं. दट्ट्या एक नव्हता. पोटावरचा उचलला, तोंडावरचा उचलला नाही, आणि जमिनीवरचा तर सरकारने स्वतःच्या बसायला ठेवून घेतला. १९८९ ला हे स्पष्ट झालं. तरी एक गोष्ट मी सोडणार नाही. आकडे फुगवून कळवायचे आणि खरं बोलणाऱ्याला घरी पाठवायचं, यातून १९५९ ला काय झालं ते इतिहासवेडींनी लिहिलंय. डेंगच्या पिढीने ते भोगलं होतं म्हणून १९८२ च्या घटनेत राष्ट्राध्यक्षाला दोनच मुदतींची अट घातली. मार्च २०१८ मध्ये संसदेने ती काढली. २,९५८ मतं बाजूने, विरोधात २, तटस्थ ३. मी त्या दोघांचा विचार करत असतो, कोण असतील.

सकाळी काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "असेल. पण रेल्वे चांगली आहे."

निवांत_नाना
सोमवार, रात्री १०:१२

विरोधात दोन मतं आमच्या सोसायटीच्या सभेतही असतात. एक मी, आणि एक चुकून हात वर झालेला.

खुर्दा_घाऊक
मंगळवार, दुपारी २:२०

तुमचा प्रश्न मी त्या एजंट बाईला विचारला. राजकारणावर ती मेसेजवर बोलत नाही. माळांच्या भावाबद्दल तीन निरोप पाठवले, मग संध्याकाळी फोन केला.

ती मूळची आनह्वेईची निघाली, इतकी वर्षं मला माहीत नव्हतं. ती पाच वर्षांची असताना आई-वडील ईवूला कामाला आले, तिला आजीकडे ठेवून. ते वर्षातून एकदा नववर्षाला घरी यायचे. आता आपल्याकडून तेच होऊ नये म्हणून तिने स्वतःच्या मुलीला ईवूतच ठेवून घेतलंय. सरकारी शाळेत घालायला कागद गोळा करण्यात दोन वर्षं गेली. आजीने रेशनची जुनी धान्य-कुपनं पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. १९९३ ला ती बंद झाली तरी फेकली नाहीत, परत लागतील म्हणून. डबा आता हिच्याकडे आहे.

गावात वडिलांच्या नावे तीन मू जमीन आहे. म्हणजे साधारण अर्धा एकर. चुलतभाऊ कसतो. ईवूत घर घेतलंय, गाडी आहे, पण ती जमीन सोडायला वडील तयार नाहीत.

आडगावचा_शेतकरी
मंगळवार, दुपारी ३:०५

वडिलांच्या नावे म्हणजे सातबारा आहे का?

खुर्दा_घाऊक
मंगळवार, रात्री ८:४०

विचारलं. सातबारा असं काही नाही. लाल रंगाचं पुस्तक आहे, त्यात कसण्याचा करार, तीस वर्षांचा. संपत आलाय, आणखी तीस वर्षं वाढवून मिळणार म्हणाली.

आडगावचा_शेतकरी
मंगळवार, रात्री ९:१०

म्हणजे कूळ. आमचे आजोबा पण कूळच होते. १९५७ ला कूळकायद्यात मालक झाले, त्या दिवशी त्यांनी बांधावर नारळ फोडला होता म्हणतात.
त्या अर्ध्या एकरात काय घेतात ते विचारा जमलं तर.